वाचनदौर्बल्य आणि देवनागरी लिपी : चुकांचे भाषाशास्त्रीय वाचन

मराठी शाळांतून अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची रीत जुनी आहे. अशोककालीन ब्राह्मीपासून आजवर बहुतेक अक्षरांची वळणे पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी ह्या शब्दाची उपपत्ती सांगण्यात येते. उपपत्ती खरी असो वा कल्पित, तिच्यातील गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला बुद्धी नाही, आणि बुद्धी नसल्यामुळे त्याच्यात पालटही होणार नाही, असे ते गृहीतक होय. ह्याची दोन्ही अंगे चुकीची आहेत, हे गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. परंतु ते संशोधन प्रामुख्याने रोमन लिपीच्या, त्यातही इंग्रजी भाषेच्या आधारे झाले. ते मराठी मुलांना लावताना कोणता भाग जसाच्या तसा घ्यावयाचा आणि कोणता पुन्हा तपासावयाचा, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे तितकाच भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

१. नेत्रदोषापासून भाषादोषापर्यंत

वाचनाच्या विकाराकडे प्रथम लक्ष गेले ते वैद्यांचे. मेंदूला इजा झाल्यावर डोळे शाबूत असूनही वाचता न येणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या अवस्थेला आडोल्फ कुस्मौल ह्या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ असे नाव दिले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ झाला तो श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रूडोल्फ बर्लिन ह्यांच्या १८८७ च्या ग्रंथामुळे. पुढे ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकात प्रिंगल मॉर्गन ह्या वैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा चुणचुणीत होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता, गणितही बरे करी. परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नसत, आणि स्वतःचे नावदेखील तो अक्षरांचा क्रम बदलून लिहीत असे. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय मॉर्गनने नमूद केला आहे. जन्मजात वाचनदौर्बल्याचे हे पहिले प्रसिद्ध वर्णन मानले जाते.

ह्या वैद्यांपैकी अनेकजण नेत्रचिकित्सक असल्यामुळे दोष दृष्टीच्या स्मरणात असावा, असे मत आरंभी प्रबळ झाले. अमेरिकेतील सॅम्युअल ऑर्टन ह्यांनी १९२५ पासून मांडलेल्या उपपत्तीत मेंदूच्या दोन गोलार्धांतील वर्चस्वाचा निकाल न लागल्यामुळे अक्षरे उलटी दिसतात, असे प्रतिपादन होते. रोमन लिपीतील ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. मुले त्यांत घोटाळा करतात, हे सर्वांच्या अनुभवाचे होते. त्यामुळे ‘उलटी अक्षरे’ हेच वाचनदौर्बल्याचे लक्षण, अशी समजूत लोकांत दृढ झाली. २००७ मधील ‘तारे जमीन पर’ ह्या हिंदी चित्रपटाने ह्या प्रश्नाविषयी भारतीय पालकांत मोठी सहानुभूती निर्माण केली. परंतु नाचणाऱ्या, उलट्यापालट्या अक्षरांचे चित्रही त्याने त्यांच्या मनावर ठसविले.

ह्या समजुतीला धक्का बसला तो १९७० नंतरच्या दशकात. इझाबेल लिबरमन, डोनल्ड शॅंकवाइलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या वाचकांच्या चुका मोजून पाहिल्या. त्यांत उलट्या अक्षरांचा वाटा अल्प आढळला. बहुसंख्य चुका ध्वनींच्या ओळखीशी निगडित होत्या. लिबरमन ह्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. शब्द ऐकून त्यातील अवयव, म्हणजे उच्चाराचे स्वरयुक्त तुकडे, अथवा स्वनिम, म्हणजे एकेक सुटा ध्वनी, मोजून तितके ठोके टेबलावर द्यावयाचे होते. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना अवयव मोजता आले. स्वनिम एकालाही मोजता आले नाहीत. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस अवयव मोजणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्के, तर स्वनिम मोजणाऱ्यांचे ७० टक्के झाले. म्हणजेच स्वनिमाची जाणीव बोलण्याबरोबर आपोआप येत नाही. ती बऱ्याच अंशी लिपी शिकण्याबरोबर येते, आणि काही मुलांत ती मोठ्या कष्टाने येते. १९८३ मध्ये ब्रॅडली व ब्रायंट ह्यांनी ऑक्सफर्ड येथील दीर्घ अभ्यासावरून दाखविले की, शाळेत येण्यापूर्वी ध्वनिसाम्य ओळखण्याची जी क्षमता असते तिच्यावरून पुढील वाचनप्रगतीचा अंदाज करता येतो. आणि ती क्षमता शिकवून वाढविली, विशेषतः अक्षरांच्या जोडीने शिकविली, तर वाचन सुधारते.

ह्यानंतर वाचनदौर्बल्याची मीमांसा दृष्टीच्या क्षेत्रातून भाषेच्या क्षेत्रात आली. उच्चारित शब्दाचे घटक मनात स्पष्टपणे वेगळे करणे, ते धरून ठेवणे आणि त्यांना चिन्हांशी झटकन जोडणे ह्या व्यापारात कमतरता असणे, हे बहुतांश वाचनदौर्बल्याचे मूळ होय. बुद्धिमत्तेशी त्याचा आवश्यक संबंध नाही. बुद्ध्यंक आणि वाचन ह्यांतील तफावत मोजून निदान करण्याची जी पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती, तीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेतून वगळण्यात आली.

२. लिपी पालटली की दोषाचे रूप पालटते

मूळ दोष ध्वनिविश्लेषणाचा असेल, तर तो सर्व भाषांत सारखाच दिसावयास हवा. परंतु तसे होत नाही. १९६८ मध्ये जपानी संशोधक माकिता ह्यांनी शिक्षकांकडून माहिती मागवून, जपानी मुलांत वाचनदौर्बल्य एक टक्क्याहूनही कमी असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९८२ मध्ये स्टीव्हनसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, तैवान व अमेरिका येथील मुलांना प्रत्यक्ष चाचण्या दिल्या, तेव्हा तिन्ही देशांत अशी मुले आढळली. दोष नव्हता असे नव्हे; तो ज्या रूपात शोधला जात होता त्या रूपात दिसत नव्हता.

युरोपातील भाषांच्या तुलनेने हे अधिक स्पष्ट झाले. सिमर व सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात स्कॉटलंडमधील इंग्रजी शिकणारी मुले पहिल्या शालेय वर्षाच्या अखेरीस परिचित शब्दांपैकी सुमारे ३४ टक्केच बरोबर वाचू शकली. जर्मन, इटालियन, स्पॅनिश, ग्रीक व फिनिश भाषांत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. इंग्रजीत एका चिन्हाचे अनेक उच्चार आणि एका उच्चाराची अनेक चिन्हे आहेत. त्यामुळे तेथे दुर्बल वाचक चुकतो. जर्मन भाषेत चिन्ह व उच्चार ह्यांचा संबंध बराचसा नियमित आहे. म्हणून १९९३ मध्ये विमर ह्यांना आढळले त्याप्रमाणे, तेथील दुर्बल वाचक फारसा चुकत नाही, तो फार हळू वाचतो. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच व इंग्रजी दुर्बल वाचकांच्या मेंदूचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन वाचक इतरांपेक्षा बिनचूक वाचत असले, तरी वाचताना तिन्ही गटांच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील कमी क्रियाशील भाग एकच होता. कारण एक, परंतु त्याचा बाह्य आविष्कार लिपीगणिक भिन्न, असा ह्याचा अर्थ आहे.

मराठीच्या दृष्टीने ह्यातून एक धोका उद्भवतो. देवनागरी ‘जशी बोलावी तशी लिहावी’ अशी आहे, असा आपल्याकडे अभिमान आहे. त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्या मुलाने चार-पाच शब्दांत दोन चुका केल्या नाहीत, तर त्याला वाचता येते असे समजले जाते. एकेक अक्षर लावीत, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरणारा तिसरीतील मुलगा ह्या निकषातून सुटून जातो. आणि पुढे इतिहास-विज्ञानाचे पाठ लांब झाले म्हणजे ‘अभ्यास करीत नाही’ हा ठपका त्याच्यावर येतो. मराठीत वाचनाचा वेग मोजल्यावाचून वाचनाची परीक्षा पूर्ण होत नाही.

३. देवनागरीची रचना आणि शिकणाराचा भार

देवनागरी ही रोमनसारखी वर्णलिपी नाही आणि जपानी कानासारखी निव्वळ अवयवलिपीही नाही. तिचा दृश्य घटक अक्षर हा आहे. परंतु त्या अक्षराच्या पोटात स्वर आणि व्यंजन ही वेगळी ओळखू येतात. ‘क’ ह्या चिन्हात ‘अ’ अध्याहृत आहे; ‘की’ मध्ये तो जाऊन ‘ई’ येतो. ह्या दुहेरी स्वरूपामुळे शिकणाऱ्या मुलाला अर्धी वाट सोपी आणि अर्धी अवघड जाते. अक्षर हा उच्चाराचा सहज जाणवणारा तुकडा असल्यामुळे ‘क-म-ळ’ असे पाडणे त्याला लवकर जमते. परंतु ‘की’, ‘मी’, ‘ली’ ह्या तिहींत काय समान आहे, हे कळावयास त्याला अक्षराच्या आत शिरावे लागते. आणि तेथेच स्वनिमाची जाणीव लागते.

भार संख्येचाही आहे. चौतीस व्यंजनांच्या बाराखडीत चारशे आठ रूपे होतात. त्यांत जोडाक्षरे मिळविली म्हणजे हा आकडा कितीतरी वाढतो. इंग्रजी शिकणारे मूल अक्षरांची ओळख साधारणतः पहिल्या वर्षात आटोपते. कन्नड शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग ह्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरसमूहावर प्रभुत्व येण्यास चौथ्या इयत्तेपर्यंत व त्यापुढेही अवधी लागतो, आणि स्वनिमाची जाणीव त्या काळात सावकाश विकसित होते, असे त्यात दिसून आले. कन्नड व देवनागरी ह्या एकाच ब्राह्मी कुळातील लिपी असल्यामुळे हा निष्कर्ष मराठीच्या अभ्यासकांनी डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. दुसरीतील मुलाला सर्व जोडाक्षरे येत नसतील, तर तेवढ्यावरून त्याला दुर्बल ठरविता येत नाही.

तिसरा भार क्रमाचा. उच्चारात स्वर नेहमी व्यंजनानंतर येतो. लेखनात त्याची मात्रा व्यंजनाच्या उजवीकडे (का), डावीकडे (कि), वर (के) किंवा खाली (कु) असते. ऱ्हस्व इकाराची वेलांटी तर व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारावयाची असते. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता ह्यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवरील प्रयोगात दाखविले की, अशा वेलांटीचे शब्द वाचण्यास प्रवीण वाचकांनाही अधिक वेळ लागतो. रफाराची स्थिती ह्याच्या उलट आहे. ‘धर्म’ ह्या शब्दात ‘र्’ हा ‘म’च्या आधी उच्चारला जातो, पण लिहिला जातो ‘म’च्या डोक्यावर. शिवाय ‘र’ला रूपे अनेक : ‘राम’, ‘धर्म’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, आणि खास मराठीचे ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांतील भेद तर जेवणावळीपर्यंत नेणारा आहे. ज्या मुलाला ध्वनींचा क्रम मनात धरणे मुळातच जड जाते, त्याला वेलांटी, रफार आणि जोडाक्षर हीच तीन स्थाने सर्वांत आधी दगा देतात.

ह्याउलट, आरशातील प्रतिबिंबांसारखी अक्षरांची जोडी देवनागरीत जवळजवळ नाही. अंकांत ३ आणि ६ ही जोडी तशी आहे. म्हणून ‘अक्षरे उलटी लिहितो काय?’ हा प्रश्न विचारून मराठी मुलाची चाचणी घेऊ पाहणारा परीक्षक, ज्या घरात दिवा नाही तेथे सावली शोधीत असतो.

४. चुकांचे वर्गीकरण

चूक हा दोषाचा शिक्का नसून पुरावा आहे, आणि पुरावा वाचावा लागतो. मराठी मुलांच्या चुका निदान चार वर्गांत विभागल्या पाहिजेत.

पहिला वर्ग दृश्यसाम्याचा. घ व ध, भ व म, थ व य, ब व व, प व ष ही अक्षरे दिसण्यात जवळची आहेत. ‘घर’ हा शब्द ‘धर’ असा वाचला, तर दृष्टी घोटाळली, असे म्हणता येते. आरंभीच्या वर्षांत अशा चुका सर्वच मुले करतात. सरावाने त्या जातात.

दुसरा वर्ग ध्वनिसाम्याचा. ‘घर’ हा शब्द ऐकून मुलाने ‘गर’ लिहिला, तर घ आणि ग ह्यांच्या आकारात काहीही साम्य नसल्यामुळे येथे डोळ्याकडे बोट दाखविता येत नाही. ही चूक अल्पप्राण-महाप्राण भेदाची आहे. त्याचप्रमाणे ‘द’च्या जागी ‘त’ हा घोष-अघोष भेदाचा घोटाळा. कोमल-कठोर आणि अल्पप्राण-महाप्राण ह्या भेदांनी आपली वर्णमाला रचली गेली आहे. त्यामुळे चुकीचे अक्षर वर्णमालेत बरोबर अक्षराच्या शेजारी सापडते काय, एवढे पाहिले तरी ह्या वर्गाची ओळख पटते. अशा चुका दुसरी-तिसरीनंतरही वारंवार होत राहिल्या, तर त्या गंभीरपणे घ्यावयास हव्यात. मात्र त्यापूर्वी श्रवणशक्ती तपासली पाहिजे.

तिसरा वर्ग लेखननियमांचा. ‘बसला’ हा शब्द मुलाने ‘बस्ला’ असा लिहिला, तर त्याचा कान शाबूत आहे. ‘स’मधील ‘अ’ उच्चारात खरोखरच लोपतो. ‘करतो’ आणि ‘कर्ता’ ह्यांत ‘र’ व ‘त’ ह्यांचा उच्चारसंयोग एकच, परंतु पहिल्यात धातू व प्रत्यय ह्यांची सीमा राखण्यासाठी पूर्ण ‘र’ लिहावयाचा आणि दुसऱ्यात रफार द्यावयाचा. ‘ब्रह्म’ लिहावयाचे आणि ‘ब्रम्ह’ म्हणावयाचे. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ ह्यांत अक्षर एकच ‘च’, पण पहिला तालव्य व दुसरा दन्ततालव्य. ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकरण ह्याहून अवघड. ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘दीर’चे ‘दिराला’ होते. ह्या भेदाला आजच्या मराठी उच्चारात बहुतांशी आधार नाही, तो १९६२ मध्ये मान्य झालेल्या व १९७२ मध्ये वाढविलेल्या लेखननियमांनी ठरविलेला आहे. ह्या चुका पदवीधरही करतात. त्या मोजून एखाद्या मुलाला अध्ययन-अक्षम ठरविणे म्हणजे लिपीच्या संकेतांचे ओझे मुलाच्या मेंदूवर टाकणे होय.

चौथा वर्ग बोलीचा. आणि येथे अन्याय होण्याचा संभव सर्वांत अधिक. ज्याच्या घरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणतात, त्याने ‘पानी’ लिहिले तर त्याने चूक केली नाही; आपल्या उच्चाराचे अचूक विश्लेषण करून ते लेखनात उतरविले. वाचनदौर्बल्याच्या अगदी उलट असे हे लक्षण आहे. अहिराणी, कोरकू, गोंडी, भिली अशा भाषा घरी बोलणारी मुले शाळेत येतात, तेव्हा ती वाचन आणि नवी भाषा ह्या दोन गोष्टी एकाच वेळी शिकत असतात. त्यांच्या मंदगतीचे कारण अपरिचित शब्दांत असू शकते. खरा वाचनदोष त्यांच्यातही इतरांइतकाच असणार. परंतु तो ओळखण्यासाठी प्रमाण मराठीची चाचणी पुरेशी नाही. मुलाच्या घरच्या भाषेत ‘ह्या शब्दाचा आरंभीचा आवाज काढून टाक’ असे तोंडी खेळ देऊन पाहिले, तर दोष भाषेच्या अपरिचयाचा की ध्वनिविश्लेषणाचा, हे बरेचसे उलगडते.

ह्या चारही वर्गांच्या बाहेर एक प्रकार राहतो : बरोबर वाचूनही अर्थ न लागणे. गॉफ आणि टनमर ह्यांनी १९८६ मध्ये आकलनयुक्त वाचन हे लिपीचा उलगडा आणि भाषेचे आकलन ह्या दोहोंचे गुणाकारात्मक फलित असल्याचे मांडले. एक अवयव शून्य झाला की गुणाकार शून्य. जो मुलगा गोष्ट ऐकून समजतो पण वाचू शकत नाही, आणि जो खडखडीत वाचतो पण काय वाचले ते सांगू शकत नाही, ह्या दोघांना एकाच वर्गात बसवून एकच उपाय करणे निष्फळ आहे.

५. अध्यापनाची दिशा

निदानाचे मोल उपायात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० च्या अहवालाने, स्वनिमाची जाणीव लहान गटांत, एका वेळी एक-दोनच कौशल्ये घेऊन आणि अक्षरांच्या साहाय्याने शिकविल्यास परिणामकारक होते, असा निष्कर्ष काढला. हे तत्त्व मराठीच्या रचनेला लावल्यास पुढील दिशा सुचते.

आरंभ ध्वनीच्या खेळांनी करावा. भेंड्यांचा खेळ मुलांना शब्दाचे शेवटचे अक्षर वेगळे करावयास शिकवितो. पण तो अक्षराच्या पातळीवर थांबतो. पुढची पायरी म्हणजे अक्षराच्या आतला बदल. ‘मीठ’मधील आरंभीचा आवाज बदलून ‘पीठ’ करावे; मग व्यंजने तीच ठेवून स्वर बदलावा : ‘पीठ’, ‘पाठ’, ‘पेठ’. हे प्रथम तोंडी, नंतर कागदाच्या सुट्या तुकड्यांनी करावे. तुकड्यांत मात्रा वेगळी कापलेली असावी, म्हणजे बदलते ते काय हे डोळ्यांनाही दिसेल.

बाराखडीचा उपयोगही उलटा करावयास हवा. ‘क का कि की’ ही आडवी ओळ चालीवर पाठ होते. तोंड पुढे जाते आणि डोळा मागे राहतो. तीच बाराखडी उभी घेतली, म्हणजे ‘का, मा, ला, टा’ असे वाचले, तर समान मात्रा व समान स्वर ह्यांचा संबंध मुलाला स्वतः हेरावा लागतो. तो हेरला गेला की नाही हे पाहण्यासाठी ‘टिमो’, ‘लेपू’ असे निरर्थक शब्द द्यावेत; ओळखीच्या शब्दात मूल अंदाजाने निभावून नेते, निरर्थक शब्दात ते शक्य नसते.

घ आणि ध, भ आणि म ह्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. पहिले अक्षर पक्के झाल्यावरच दुसरे आणावे. अक्षर मोठे गिरवून, त्याचा उच्चार करीत, हाताला वळण देण्याची रीत ऑर्टन ह्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम ह्यांच्या बहुसंवेदी पद्धतीत आहे, आणि आपल्या जुन्या धूळपाटीतही होती. मात्र गिरविताना उच्चार झाला पाहिजे. मूकपणे दहा वेळा नक्कल करविल्याने हात शिकतो, वाचन शिकत नाही.

जोडाक्षरांच्या बाबतीत मराठीचे व्याकरण हेच मोठे साधन आहे. ‘गाडी-गाड्या’, ‘काठी-काठ्या’, ‘तुझ्या’, ‘मुलांच्या’ अशी ‘य’युक्त जोडाक्षरे मराठीत पदोपदी येतात, कारण ती विभक्ती आणि वचन ह्यांच्या रूपांत आहेत. अनियमित यादीऐवजी ह्या कुटुंबापासून सुरुवात केली, तर एका नियमाने अनेक शब्द हाती येतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द मंद वाचकाला भिंतीसारखा वाटतो. त्याला ‘शेतकऱ्यां-साठी-सुद्धा’ असे सांधे दाखविले आणि ‘-साठी’, ‘-मध्ये’, ‘-च्या’ हे तुकडे अखंड ओळखावयास शिकविले, तर अक्षर-अक्षर लावण्याचा त्याचा शीण कमी होतो.

वेगासाठी सॅम्युएल्झ ह्यांनी १९७९ मध्ये पुरस्कारिलेली पुनर्वाचनाची रीत साधी आहे : लहानसा उतारा मोठ्याने, योग्य ती मदत देऊन, वाचन सुरळीत होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचून घ्यावयाचा. आणि ह्या सर्व काळात मुलाला इतरांनी वाचून दाखविणे थांबता कामा नये. ज्याला वाचता येत नाही त्याचे ज्ञानही तेथेच थांबले, तर काही वर्षांनी वाचनाचा दोष भाषेच्या आणि ज्ञानाच्या दारिद्र्यात रूपांतरित होतो; मग मूळ कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणेही कठीण होते.

६. सवलत आणि साहाय्य

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून माध्यमिक शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. १९९५ च्या अपंगत्वविषयक केंद्रीय कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन-अक्षमता एकवीस दिव्यांगत्वांपैकी एक म्हणून मान्य केली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी ह्या भाषांसाठी वाचनदौर्बल्याच्या चाचण्या सिद्ध केल्या. इंग्रजी चाचणीचे भाषांतर म्हणजे मराठी चाचणी नव्हे, हे तत्त्व त्यामुळे प्रत्यक्षात आले.

ह्या सर्व गोष्टी आवश्यक आहेत. तथापि सवलत आणि साहाय्य ह्यांतील भेद विसरता कामा नये. अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष ह्यांमुळे मुलाचे ज्ञान परीक्षकापर्यंत पोहोचते. वाचन त्याला येत नाही. शिवाय २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ह्या अक्षमतेच्या प्रमाणीकरणासाठी आठ वर्षांचे वय गृहीत धरले. प्रमाणपत्राच्या दृष्टीने ते योग्यही असेल, कारण त्यापूर्वी सामान्य मंदगती आणि दोष ह्यांत भेद करणे कठीण असते. परंतु प्रमाणपत्राला वयाची अट असली, तरी ध्वनिखेळांना, उभ्या बाराखडीला आणि मोठ्याने वाचून घेण्याला तशी अट नाही. सहाव्या वर्षी जे अल्प श्रमाने साधते, त्याला दहाव्या वर्षी कितीतरी अधिक श्रम पडतात. आणि तोवर मुलाने स्वतःविषयी जे मत करून घेतलेले असते, ते काढून टाकण्यास त्याहून अधिक.

भाषाविभागांपुढे ह्यातून जे कार्य उभे राहते ते मर्यादित आणि करण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकांतील अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे ह्यांच्या वारंवारतेच्या विश्वसनीय याद्या. प्रत्येक इयत्तेस अपेक्षित असा मराठी वाचनाचा वेग. निरनिराळ्या बोलींच्या प्रदेशांतील मुलांच्या लेखनाचे नमुने आणि त्यांचे वर वर्णिलेल्या पद्धतीचे वर्गीकरण. शिक्षकाच्या हाती असा तक्ता आला, तर वहीतील तांबड्या खुणा मोजण्याऐवजी त्या वाचण्याची त्याला सोय होईल. ‘पानी’ लिहिणारा मुलगा आणि ‘घर’च्या जागी ‘गर’ लिहिणारा मुलगा ह्यांना आज एकच तांबडी खूण मिळते. पहिल्याला प्रमाण लेखनाचा एक संकेत सांगावयाचा आहे; दुसऱ्याला अनेक महिने, रोज थोडा वेळ, शेजारी बसून शिकवावयाचे आहे. हा भेद करता येणे हीच त्या दोघांच्याही साहाय्याची पहिली पायरी होय.